चौघींनी उचलायची खोपी

फोरमनमामा कुणाच्याही घरी गेले की आधी रागवायचे आणि मग चप्पल काढायचे. दिवसाढवळ्या दारातला बल्ब का चालू, रांजणावर झाकण का नाही, पोरगी शाळेत का गेली नाही, आणि शाळेला सुट्टी असेल तर सुट्टी कामून दिली. एवढं झालं की ओसरीवर मांडी घालून साध्या आवाजात विचारायचे, "चहा करून राहिलं का कुणी?" वस्तीत कुणी त्यांना घाबरत नसे. उलट दोन दिवस त्यांचा आवाज आला नाही तर बायका एकमेकींना विचारायच्या, "मामाला ताप-गिप तर न्हाई?"

ते फोरमन नव्हते. एसटीच्या वर्कशॉपात बसगाड्यांचा पत्रा ठोकण्यात आणि वेल्डिंगमध्ये त्यांची हयात गेली. कुणी फोरमन म्हटलं तर चिडायचे, "मी झालो न्हाई, मला होऊ दिलं न्हाई. बोलताना नीट बोलत जा." नुसतं मामा म्हटलं तर, "फोरमन म्हणायला जीभ जड पडती का?" माझे ते सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. मामी वारल्यावर बिलोलीकडच्या आमच्या गावात बहिणीच्या शेजारी येऊन राहिले. बहिणीच्या गावात भावानं पाहुण्यासारखं राहावं, अशी रीत आहे. हा पाहुणा आल्यापासून गावालाच पाहुण्यासारखं राहावं लागलं.

त्याच सुमारास मीही गावात परतलो होतो. फौजदार व्हायचं म्हणून मी नांदेडला खोली करून अभ्यास केला, आणि फौजदार सोडून बाकी सगळं झालो. परत आलो ते शेळीपालनाचे व्हिडिओ बघत. व्हिडिओतला माणूस इस्त्रीच्या शर्टात उभा राहून सांगायचा की शेळ्यांचं शेड जमिनीपासून वर, फळ्यांचं असावं. वस्तीमागच्या गायरानावर, आमच्या शेळ्या पूर्वापार बसायच्या तिथं, मी विटांचे खांब उभारून तसं शेड बांधलं. फळ्यांमधली फट किती ठेवायची ते सांगायच्या वेळी बहुधा जाहिरात आली होती. पहिल्याच दिवशी आईच्या दोन्ही शेळ्यांचे पाय फटीत अडकले आणि त्या मचाणावर बसलेल्या मंडळींसारख्या पोटावर बसून ओरडू लागल्या. मामा आले, खाली वाकून लोंबणारे खूर बघितले आणि म्हणाले, "हे शेळीसाठी बांधलंस का शेळीवर सूड उगवून राहिलास?"

ते शेड सुधारायची वेळच आली नाही. पंधरवड्यात जेसीबी आला. गायरानावर अतिक्रमण म्हणे. आमच्या वस्तीत कुणाला शेत नाही, शेळ्या मात्र घरोघरी आहेत, त्यामुळं माझ्या शेडबरोबर सगळ्यांचे कुडाचे आडोसे भुईसपाट झाले. त्याच गायरानावर गावच्या पुढाऱ्यांचं गोदाम उभं आहे, पक्कं, शटरवालं. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. सरपंच त्यांच्या बाई आहेत. सही बाईंची, आवाज यांचा. जेसीबी गोदामाला वळसा घालून आला आणि वळसा घालूनच गेला. मी ड्रायव्हरला गोदाम दाखवलं तर तो म्हणाला, "भाऊ, मला दाखवलं तेवढंच दिसतंय." मी फौजदार झालो असतो तर मलाही तेवढंच दिसलं असतं का, हा विचार मी तेव्हापासून टाळत आलोय.

मामांनी त्या दिवशी मोडलेले आडोसे फिरून बघितले. दुसऱ्या दिवशी भंगारातून पाइप, जुन्या सायकलींची चाकं आणि पत्रे घेऊन आले. "पाया घातला की ह्यांचा हात पोचतो," म्हणाले. "पायाच न्हाई घालायचा. आले का उचलायचं, गेले का ठेवायचं." आणि शेळ्यांसाठी हलवता येणारी खोपी बांधायला बसले. माणसाला वाकून जावं लागेल एवढी बुटकी, एका अंगानं उतरतं छप्पर, खाली मोकळी जमीन. दर दोन-चार दिवसांनी जागा बदलली की ओल आणि घाण मागं राहते, शेळी कोरड्यावर बसते.

पहिल्या खोपीला चाकं होती. ती ओढून नेताना दोरी माझ्या हातात दिली होती. उतारावर ती आतल्या शेळ्यांसकट माझ्या पुढं निघून गेली आणि ओढ्याच्या काठी बाभळीला टेकली. शेळ्या शांतपणे उतरून बाभळीच्या शेंगा खाऊ लागल्या. आई म्हणाली, "सारी हयात एसटीत गेली अन् ब्रेक इसरला?" मामा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ब्रेक ड्रायव्हरच्या पायात असतो. ड्रायव्हर कोन होता ते इचार." चाकं मात्र त्याच दुपारी निघाली आणि त्यांच्या जागी दोन लांब बांबू आले.

बाजूच्या भिंतींसाठी धर्माबादहून रिकामी पोती आणायची अक्कल माझी. मिरचीच्या बाजारात पोती चांगली घट्ट विणीची मिळतात. आणली, शिवली, बांधली. उन्हं चढली, वारं सुटलं आणि खोपीतल्या शेळ्या एकामागून एक शिंकायला लागल्या. आत वाकून गाठी तपासणारे मामा बाहेर आले तेव्हा शिव्या आणि शिंका यांची अशी सरमिसळ झाली होती की मला नेमकं काय म्हटलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. डोळे पुसून झाल्यावर एवढंच स्पष्ट बोलले, "फौजदार व्हायला गेलता न रं तू? जमाव पांगवायला लई कामाला आला असतास."

त्यांचा खरा हट्ट वजनाचा होता. आमच्याकडची गडीमाणसं कामाला निजामाबाद-हैदराबादला जातात. शेळ्या बायकांच्या गळ्यात. म्हणून खोपी चौघी बायकांना उचलता आली पाहिजे, आणि त्यातली एक माझी आई असली पाहिजे.

"शांते, उचल."

"जड हाय."

"तू म्हातारी झालीस."

"म्हातारीच उचलणार हाय न? शेळ्यांमागं तरण्या पोरी कुठं फिरून राहिल्यात?"

मामा चिडून एक पाइप कापून टाकायचे. पुन्हा उचल, पुन्हा जड, पुन्हा भांडण. शेवटी एकदा आईनं बांबू खांद्यावर घेतला आणि न बोलता दहा पावलं चालली. मामांनी पाठ फिरवून विडी पेटवली. कौतुक करायची वेळ आली की ते पाठ फिरवत. मग तशाच आणखी खोप्या झाल्या, घराला एक.

उन्हाळ्यात रानं रिकामी झाली की शेळ्या बसवायला बोलावणी येतात. रात्रभर शेळ्या शेतात बसवायच्या, लेंडी-मूत जमिनीत मुरतं, बदल्यात ज्वारी. त्या वर्षी पहिलं बोलावणं दादासाहेबांचं आलं. खोप्या सरकवत सरकवत आम्ही त्यांचं सगळं रान खतावून दिलं. ते खूष झाले आणि बांधावर चहा मागवला. त्यांना कपबशी आली, आम्हाला कागदाचे कप.

मामा कपाकडं बघत राहिले. "तुमच्या हातात बशी, आमच्या हातात कागद?"

"अहो मामा, पाहुण्याला नवा कोरा कप देतो आम्ही," दादासाहेब हसले.

"नवा हाय तर तुमी घ्या. तुमचा जुना मला द्या. मला चालतंय."

दादासाहेब हसतच राहिले. कप काही हलला नाही. मामांनी चहा ढेकळावर ओतला आणि चालू लागले. मी तोवर माझा चहा पिऊन, शेतात कचरा नको म्हणून कप चुरगळून खिशात ठेवला होता. वाटेत मामांनी माझ्या खिशाकडं बघितलं आणि म्हणाले, "आपली लेंडी त्याच्या रानात चालती. आपले व्हट त्याच्या कपाला न्हाई चालत. अन् तू त्याचं रान झाडून आलास." मला आजही कागदाच्या कपातला चहा गोड लागत नाही, आणि लग्नकार्यात तोच समोर येतो.

मिरगात पेरण्या सुरू झाल्या, रानं बंद झाली. खोप्या गायरानावर परतल्या. आता तिथं आणखी एक अडचण होती. दादासाहेबांच्या गोदामाला ट्रक यायला रस्ता हवा होता आणि तो आमच्या शेळ्यांच्या जागेवरून सरळ जात होता. ग्रामसेवक फटफटीवर आला. गरीब माणूस, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे.

"मामा, शेड काढा. वरून सांगितलंय."

"वरून म्हंजे? आभाळातून?"

"तुम्हाला माहीत आहे कुठून."

"काढतो की. शांते, उचल गं."

बायकांनी खोप्या उचलल्या आणि गायरानाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवल्या. तो पुन्हा आला, खोप्या पुन्हा पहिल्या जागी. असं बरेच दिवस चाललं. बायकांना त्यात मजा येऊ लागली. मलाही. आम्ही गावाला हरवलं, असं मी चावडीपुढं दोघा-तिघांना सांगूनही आलो.

मग एका दुपारी, सगळ्या बायका खुरपायला आणि शेळ्या चरायला गेलेल्या असताना, ट्रॅक्टर-ट्रॉली आली. चार गडी उतरले. त्यांनी एकेक खोपी उचलली आणि ट्रॉलीत टाकली. चौघींना पेलावी म्हणून मामांनी ज्या खोपीतला एकेक पाइप कापला होता, ती त्या गड्यांना काहीच नव्हती. मामा शेवटच्या खोपीत शिरून बसले. गड्यांनी थोडा वेळ एकमेकांकडं बघितलं आणि मामांसकट खोपी ट्रॉलीत चढवली. अख्ख्या गावातून, भर रस्त्यानं, शेळीच्या खोपीत बसून सत्तरीचा माणूस शिव्या देत गेला, आणि दारादारात लोक हसत उभे होते. मी पुरावा म्हणून मागं पळत मोबाइलवर सगळं टिपलं. घरी येऊन पाहिलं तर कॅमेरा उलटा चालू होता. सगळ्या व्हिडिओभर माझंच धापा टाकणारं तोंड आहे. त्या हसणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड त्यात नाही, याचा राग मला अजून येतो.

त्याच संध्याकाळी पाऊस लागला आणि लागूनच राहिला. वस्तीतली घरं ती केवढी. शेळ्या दारात, चुलीपाशी, खाटेखाली. तरी आठवडाभरात घरोघरी एक-दोन करडं गारठून मेली. खोप्या ग्रामपंचायतीच्या आवारात पडून होत्या. त्यातल्या दोन उभ्या करून त्यांच्याखाली सदस्यांच्या मोटारसायकली लावलेल्या होत्या, भिजू नयेत म्हणून.

बायका म्हणाल्या, आता जड बांधा, कुणाला हलू नये असं. मामा म्हणाले, "जड केलं का जेसीबी येतो. हलकं केलं का ट्रॉली येती. मला तिसरं सुचून न्हाई राहिलं." हे त्यांनी अगदी हळू, न चिडता सांगितलं. आई घाबरून माझ्याकडं बघायला लागली. त्यानंतर ते रोज पावसात पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसू लागले. खोप्या द्या, एवढंच म्हणायचे. छातीत कफ भरला तेव्हा मी त्यांना नांदेडला दवाखान्यात नेलं. तिथं सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरत होतं. ग्रीस घालायला कुणाच्या बापाची परवानगी लागते, असं त्यांनी वॉर्डबॉयला विचारलं, तेव्हा मला बरं वाटलं.

"शेळ्या कुठं हायत?"

"घरात."

"मंग माणसं?"

"तीबी घरात."

"जा मंग. इथं काय बघून राहिलास? छप्पर बघ."

मी छप्पर बघायला गावी आलो आणि दुसऱ्या दिवशी ते गेल्याचा फोन आला.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याच्या, सकाळी वस्तीच्या तोंडाशी भलंमोठं फ्लेक्स लागलेलं दिसलं. वर हात जोडलेले दादासाहेब, घराच्या दाराएवढे. शेजारी सरपंच बाई, मग आणखी चार-पाच जोडलेले हात. खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे वाटावेत असे मामा. 'शेळीपालकांचे आधारवड, भावपूर्ण श्रद्धांजली.' दगड मारावा म्हणून मी एक उचललाही, पण माझा नेम मला ठाऊक आहे, तो मामांनाच लागला असता.

बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले. आई पांढऱ्या साडीत तशीच फ्लेक्सपाशी आली आणि त्याची कड दोन बोटांत धरून चोळून बघितली, लुगडं घेताना बघतात तशी.

"यातून पाणी झिरपतं का रं?"

"न्हाई झिरपत."

"मंग विळा आण."

"आई, आजच्या दिवस राहू दे. लोक काय म्हणतील?"

"करडं काय म्हणून राहिलीत ते आइकायला येतंय का तुला?"

पांढऱ्या साड्यांमधल्या बायकांनी फ्लेक्स चौकटीसकट उतरवलं. चौकटीच्या पट्ट्या, परसातले बांबू आणि ते कापड घेऊन दुपारी गायरानावर, गोदामाच्या रस्त्याच्या बरोबर मधोमध, नवी खोपी उभी राहिली. वरचं कापड मी छापील बाजू आत करून बांधायला घेतलं, उगाच डोळ्यावर नको म्हणून.

"उलटं कर," आई म्हणाली. "वर ऱ्हाऊ दे त्यांना. पडू दे पाणी तोंडावर."

मामांचा कोपरा तिनं विळ्यानं कापून वेगळा केला आणि आतल्या बाजूनं, कोरड्यात, पाइपाला बांधला.

ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी आला. खोपीसमोर बराच वेळ उभा राहिला. छपरावर दादासाहेब हात जोडून होते, खाली शेळ्या रवंथ करत होत्या. ट्रॉली बोलवावी तर ट्रॉलीत कुणाला टाकायचं, हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसलं. त्यानं फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, शेड आहे. पण त्याच्यावर तुम्ही आहात." पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. त्यानं फोन खिशात टाकला, फटफटीला किक मारली आणि आला तसा निघून गेला.

बायका इतक्या हसल्या की शेळ्या बिचकून उठल्या. आईही हसली. हसता हसता ती खोपीच्या तोंडाशी खाली बसली, एक ओलं करडू ओढून पदरात घेतलं आणि ते पुसता पुसता म्हणाली, "हे तुझ्या मामाला कोनी सांगावं आता?" आणि मग तिचं हसणं थांबलं.