यादीत न आलेली खुर्ची

चूक मास्तरची होती. हा मास्तर म्हणजेच प्रस्तुत लेखक, तेव्हा स्वतःची बाजू मांडायला त्यानं दहा पानं घेतली असती; पण गोष्ट आप्पांची आहे, म्हणून एका दमात उरकतो. पद्मराज आप्पा मगदुमांच्या घरातली झाडून सगळी चीजवस्तू मास्तरनं कागदावर उतरवली आणि आप्पा ज्या खुर्चीत बसून ती सांगत होते, तेवढी खुर्ची लिहायची राहिली.

गाव निपाणीपासून तीन कोसांवर, तंबाखूच्या रानात. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. त्या साली गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता आणि साठी गाठलेल्या आप्पांनी परिग्रहाला, म्हणजे जवळ बाळगलेल्या चीजवस्तूंना, मर्यादा घालायचं व्रत घ्यायचं ठरवलं. या व्रतात आपल्याकडे काय काय ठेवायचं त्याची यादी करायची, ती बस्तीत चारचौघांत वाचायची आणि म्हणायचं, याच्यापलीकडचं माझं नाही. पुढं यादी कमी करता येते, वाढवता येत नाही.

आप्पांना वैराग्य आलं असं गावात कुणालाच वाटलं नाही. त्यांचा चुलतभाऊ पार्श्वनाथ यानं गेल्या साली हे व्रत घेतलं होतं आणि तेव्हापासून तो रस्त्यानं जरा सावकाश चालायला लागला होता. आप्पांना तेवढं पुरलं.

“लिवा मास्तर. जमीन चौदा एकर. घर एक, गोठा एक. बैल चार, म्हशी दोन.”

“धोतरं किती, आप्पा?”

“सा. न्हाय, सात. एक फाटलंय, पन ते बी माझंच हाय.”

त्यांची बायको ब्राह्मीआक्का आतून एकेक वस्तू आणून दाखवत होती. मोडका चिमटा आला तेव्हा ती म्हणाली, “ह्यो कशाला लिवायचा?”

“मोडका झाला म्हनून दुसऱ्याचा झाला व्हय?” आप्पा गरजले. चिमटा लिहिला गेला.

मास्तरनं दोनदा चौफेर नजर फिरवली. भिंतीतल्या खुंट्यासुद्धा मोजल्या. पण माणूस ज्यावर बसलेला असतो ते दिसत नाही. मास्तरला दिसलं नाही आणि आप्पांनाही.

खुर्ची सागवानी, लांब हातांची, वेतानं विणलेली. तिचा इतिहास गावाला पाठ होता, कारण आप्पा तो महिन्यातून दोनदा, दरवेळी ताज्या संतापानं सांगत. पस्तिशीत असताना ते कडब्याच्या गाड्या घेऊन बेळगावच्या कँपात गेले होते. पलटणीतला गोरा साहेब व्हरांड्यात अशाच खुर्चीत, तिच्या हातांवर पाय टाकून पडलेला. आप्पा पायरीखाली उन्हात. साहेबानं वर्तमानपत्राचं पान उलटलं, डोळे मिटले, उघडले, चहा घेतला. सकाळची दुपार झाली. मग बटलरनं येऊन सांगितलं, ‘उद्या या.’ हे दोन शब्द आप्पांनी पंचवीस वर्षं तोंडात धरून ठेवले होते. गिळलेही नाहीत आणि थुंकलेही नाहीत.

पुढं कुठल्याशा साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव निघाला आणि आप्पांनी ही खुर्ची घेतली. बैलगाडीत उभी करून, सगळ्यांना दिसेल अशी, भर खडेबाजारातून आणली. ही तीच खुर्ची असं ते शपथेवर सांगत. कँपात तसल्या दोनशे खुर्च्या असतील, पण हे आप्पांना बसून सांगायची सोय नव्हती. खुर्ची घराच्या पुढच्या सोप्यात आली त्या दिवसापासून तिच्यासमोर कुणीच बसायचं नाही, असा दंडक होता. सोयरा असो, सावकार असो, उभा.

सगळ्यात जास्त उभा राहायचा भरमू. हा खानापूरकडचा गडी बारा वर्षं आप्पांच्या रानात राबत होता. व्रताआधीच्या वैशाखात मोटेचा नाडा सापडेना. आप्पांनी भरमूला खुर्चीसमोर अंगणात उभा केला.

“कुठं इकलास नाडा? सांग.”

“न्हाय वो आप्पा. दोर इकून मी खाऊ काय?”

“वर तोंड करून बोलतोस? सांगशील तवर उभा ऱ्हा.”

सकाळची दुपार झाली. अंगणात झाड नाही, आडोसा नाही. मग पार्श्वनाथाच्या घरून नाडा परत आला. आप्पांनीच तो दिला होता आणि देऊन विसरले होते. भरमू तांब्याभर पाणी प्याला आणि रानात गेला. आप्पा एक शब्द बोलले नाहीत. बोलायला हवं होतं हे त्यांना कळत होतं, नाही असं नाही. कारण त्या संध्याकाळी त्यांनी काही कारण नसताना म्हशीला शिव्या घातल्या. सोप्यात बसून हे सगळं बघणाऱ्या मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण तोही बोलला नाही. आणि सोप्यात बसून म्हणजे अर्थातच उभं राहून.

अनंत चतुर्दशीला बस्तीत तिथल्या पुजाऱ्यानं, म्हणजे उपाध्यांनी, यादी वाचली. चिमट्यापर्यंत वाचली. आप्पांनी पार्श्वनाथाकडे बघत, खणखणीत आवाजात, तीनदा म्हटलं, “याच्यापलीकडचं माझं न्हाय!”

घरी येऊन ते खुर्चीत टेकणार, एवढ्यात ब्राह्मीआक्का म्हणाली, “थांबा वो.”

आप्पा तसेच अर्धवट वाकलेले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. “काय झालं?”

“मी नीट ऐकलंय. चिमटा वाचला. ही न्हाय वाचली.”

पुढची आरोळी शाळेपर्यंत पोचली. मास्तरच्या हातातला खडू पडला आणि तो धावत आला. आजवर आप्पा त्याला ‘तुमी’ म्हणत. तो मान त्या दुपारी गेला.

“मुलकी पास हाईस न्हवं तू? डोळं काय परीक्षेत दिऊन आलास?”

“आप्पा, तुम्ही तिच्यात बसला होता.”

“मग उठा म्हनायचं हुतंस!”

“तुम्हाला?”

आप्पा आणखी चिडले. तसेच तरातरा महाराजांकडे गेले. “महाराज, मास्तर विसरला.”

“मास्तर विसरले,” महाराज म्हणाले. “आणि तुम्ही?”

“मी... मी तिच्यातच बसलोतो.”

“मग उठायला वेळ लागेल,” असं म्हणून महाराज मोरपिसांची पिंछी उचलून आत गेले.

महाराजांवर रागावता येत नाही. तो राग आप्पांनी जपून घरी आणला. पण घरी आल्यावर नवीच पंचाईत. उभं राहून ओरडलं की पाय भरून येत. जमिनीवर बसून ओरडलं की समोरच्याच्या गुडघ्यांवर ओरडल्यासारखं वाटे. रिकाम्या खुर्चीभोवती फेऱ्या घालत त्यांनी मास्तरला, उपाध्यांना, साहेबाला आणि साहेबाच्या बटलरला एका ओळीत शिव्या दिल्या.

ब्राह्मीआक्का तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “महाराजांनी सांगितलंतं, भाईरचं परिग्रह धा आनि आतलं चौदा. त्या चौदात राग बी हाय. चिमट्याशेजारी त्यो काय वाचला न्हाय उपाध्यांनी. त्याचं काय करायचं? ठेवायचा, का खुर्चीबरोबर धाडायचा?”

“तू गप बस!”

“बसलेच हाय. तीस वर्सं भुईवरच बसलेय.”

आप्पा फिरायचे थांबले. मग खुर्ची कुठं द्यावी यावर आले. बस्तीत ठेवावी तर पार्श्वनाथ बसेल. शाळेला द्यावी तर मास्तर बसेल. त्यातल्या त्यात मास्तर बरा, त्याच्यावर निदान ओरडता येतं.

दोन दिवसांनी क्षमावणी. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरात ज्याला ज्याला दुखवलं त्याच्या दारात जाऊन क्षमा मागतो आणि देतो. आप्पा सकाळपासून फिरत होते. पार्श्वनाथाच्या दारात हात जोडले ते दगड उचलल्यासारखे. शाळेच्या पायरीशी येऊन त्यांनी “जा, केली तुला क्षमा!” असं म्हटलं, तेव्हा छपरावरची कबुतरं उडाली. सगळी घरं झाली, एक उरलं. तिथं न जाता त्यांनी भरमूलाच बोलावून घेतलं आणि म्हणाले, “खुर्ची उचल. साळंला न्यायची.”

शाळा ओढ्यापलीकडे. भरमूनं खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली. मागून आप्पा. ओढ्याच्या बांधावर त्यानं ती खाली ठेवली आणि पटक्यानं तोंड पुसलं.

“बस,” आप्पा म्हणाले.

“कुठं?”

“खुर्चीत. माझी न्हाय ती आता.”

“नगं आप्पा. हाय ते बरं हाय.”

“मी बस म्हनतो आनि तू बसत न्हाईस? उभं ऱ्हायची लई हौस हाय व्हय रं तुला?”

“हौस कुठली,” भरमू म्हणाला. “वैशाखात शिकवलासा.”

आप्पांचा राग टाचेपासून निघाला तो थेट कानापर्यंत चढला. एरवी अशा वेळी ते खुर्चीच्या हातांवर मुठी आपटत. मुठी वळल्या, पण आपटायला काही नव्हतं. दोन पावलं पुढं आले, दोन मागं गेले आणि मग बांधावरच्या हरळीत मटकन खाली बसले. भरमू थोडा वेळ तसाच उभा होता. मग तोही हातभर अंतरावर टेकला.

समोर खुर्ची. इतक्या वर्षांत आप्पांनी ती समोरून, खालून, अशी कधी पाहिलीच नव्हती. लांब हात पसरून ती दोघांवर खेकसत होती. काय भिकार दिसते ही, असं त्यांच्या मनात आलं. या लाकडात बसून आपण साहेबाचा सूड उगवत होतो, आणि साहेबाला त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता होता तो फक्त भरमूच्या पायांना.

“भरमू, त्या सायबाच्या दारात मी असाच...”

“ठावं हाय आप्पा. लई येळा सांगितलासा.”

“न्हाय रं, ते न्हाय. त्यो नाडा...”

भरमूनं त्यांच्याकडे बघितलं. ओढ्याला पाणी बेताचं होतं, ते दगडांवरून आवाज करत चाललं होतं. पाठीला टेकायला काही नव्हतं, धोतराला चिखल लागत होता, आणि तरीही आपण कुठंतरी नीट बसलो आहोत असं आप्पांना वाटलं. बहुधा पहिल्यांदाच. घशातला शब्द अगदी ओठांपर्यंत आला.

“ऊन चढलं,” आप्पा म्हणाले. “चल.”

भरमूनं खुर्ची उचलली.

ती अजून शाळेत आहे. वर्षातून एकदा शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येतात, तिच्या हातांवर पाय टाकतात आणि मास्तर समोर उभा राहून दात-ओठ खातो. आप्पा आता घरात घोंगड्यावर बसतात. ओरडतात अजून, पण मध्येच विसरल्यासारखे थांबतात. दर क्षमावणीला भरमूच्या खोपटात जातात, पोत्यावर बसतात, भरमूला शेजारी बसवतात, तंबाखूच्या रोपांचं विचारतात आणि उठून येतात.

नाड्याबद्दलचा तो शब्द मात्र द्यायचा राहिलाच आहे. भरमूनं तो मागितलेला नाही.