डाळिंबी खोली

भिंतीचा रंग माणसाच्या चेहऱ्यावर पडतो, हे कलादिग्दर्शन करताना मी सगळ्यात आधी शिकले. मुलगा म्हणून वाढवलेल्या एका ट्रान्स मुलीवरच्या चित्रपटासाठी आम्ही साताऱ्यात एक घर भाड्याने घेतलं होतं. तिला मनातून हवी असलेली खोली दाखवायची, म्हणून मी आतली पांढरी खोली डाळिंबी करून घेतली. घरमालकीण काकू रोज भिंतीवरून हात फिरवायच्या. नायिका त्या खोलीत पहिल्यांदा साडी नेसते, ते चित्रीकरण पाहताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी एक उंच बाई आली. "आई, शूटिंग बघायला येऊ का?" तिने विचारलं.

"तुम्ही चुकीच्या घरी आलात," काकू शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी कडी लावली. मग मला म्हणाल्या, "आमचा मुलगा होता तो. आमच्यापुरता गेला."

पडद्यावरच्या दुःखाला माणसं घरात घेतात, कारण काम संपलं की ते सामान आवरून निघून जातं.

शेवटच्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही भिंती पुन्हा पांढऱ्या करायला घेतल्या. काकूंनी अडवलं. "राहू द्या. प्रसन्न वाटतं."

निघताना कोपऱ्यावरच्या रसवंतीत ती बाई दिसली. मला पाहून उठली.

"माझ्या खोलीला रंग दिलात म्हणे. कोणता हो?"

"डाळिंबी."

"आईला आवडला?"

"फार."

ती जराशी हसली. "मग राहील तो. आवडलेलं टाकत नाही ती."