पांढऱ्या टोप्या आणि माळढोक

मंडळी, माळाची धूळ अंगावर असतानाच वाचनालयाच्या भिंतीवर हा कागद डकवतोय.

आज पहाटे आम्ही पाच जण बैलगाडीनं शेळगावच्या माळावर गेलो. माळढोकाचा नर मादीसाठी नाचतो, तो पाहायला. आमच्यातल्या वकीलसाहेबांनी मात्र बंदूक घेतली होती. त्यांना नाचापेक्षा रस्सा प्यारा!

वाळल्या गवतात लपून बसलो, पण डोक्यावर पांढऱ्याशुभ्र टोप्या, एकाचा तेवढा पांढरा पटका.

तेवढ्यात टेकाडावर तो दिसला, पलीकडं गवतात त्याची मादी. त्यानं मान फुगवली. गळ्याची पांढरी पिशवी पार पायांपर्यंत लोंबली, शेपटी पाठीवर उलटी वळली. रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा तो घुमला आणि सरळ आमच्याकडेच चालत आला!

"टोप्या बघून येतुया त्यो," आमचे यजमान तात्या पुटपुटले. "त्याला वाटतंय, हितं दुसरं नर बसल्यात."

वकीलसाहेबांनी बंदूक उचलली. पक्षी इतका जवळ, की नेम चुकणं अशक्य. त्याचा घुमार आमच्या छातीत वाजत होता.

आणि साहेबांनी बंदूक खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढून मांडीखाली दडवली. "जा बाबा, तुझ्याशी आमचं भांडण नाही."

मग आम्हीही टोप्या काढल्या, तात्यांनी पटका. तो क्षणभर थबकला, वळला आणि आपल्या मादीपुढं जाऊन नाचू लागला.

कुणी गेल्याशिवाय आपण चारचौघांत बोडक्या डोक्यानं बसत नाही. आज एक जण जगावा म्हणून बसलो.

तुम्ही काढली असती टोपी? खाली जागा सोडली आहे, खरं काय ते लिहा.