दिवसाचा वॉचमन

मित्रमैत्रिणींनो, आत्ताच वसईतल्या आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमातून आले आणि लिहायला बसले. बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासूनचे वॉचमन थापाकाका कायमचे नेपाळला, आपल्या गावी निघालेत. त्यांना शाल-श्रीफळ दिलं.

मी समाजशास्त्राची. ऐंशीच्या दशकात नेपाळहून इकडे आलेल्या बायकांच्या कामावर संशोधन करत होते. थापाकाकांच्या बायकोला, मायाला, तेव्हा विचारलं होतं, "तू काय काम करतेस?"

"काही नाही, घरीच असते," म्हणाली आणि पाण्याचा पंप बंद करायला धावली.

रात्रपाळी करून नवरा झोपलेला असायचा. दिवसभर गेट, पंप, जिने सगळं तिच्याकडे, पगार मात्र एकाचाच. त्या दिवसापासून मी बायकांना 'काय काम करतेस' विचारणं सोडलं. 'सकाळपासून काय काय केलंस' असं विचारते. मग खरी उत्तरं मिळतात.

आज सेक्रेटरी भाषणात म्हणाले, "इतकी वर्षं काकांनी एकट्याने बिल्डिंग सांभाळली."

मागच्या खुर्चीवरून माया उठली. "भाऊ, हे रात्रीचं झालं. आता दिवसाचं पण बोला."

पहिली टाळी थापाकाकांनीच वाजवली. दुसरी शाल मात्र कुणी आणलीच नव्हती.

तुमच्या बिल्डिंगचं गेट दुपारी कोण उघडायचं? तिचं नाव आठवतंय?