न उघडलेल्या पिशवीतलं लोखंड

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मीही वाचतो, पण वाचताना डोक्यात एकच चालू असतं... यात कोणी कोणाला बनवलं? वडील तहसील कचेरीत, आजोबाही कचेरीतच. लिंबू-मिरची आमच्या घरात फक्त जेवणाच्या ताटात दिसायची. त्यामुळे खाली जे लिहितोय ते मी संशय घेऊन घेऊन तपासलेलं आहे. तपासून हाती काही लागलं नाही म्हणून लिहितोय.

२००५-०६ चा काळ. यवतमाळ. कापसाचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं ते सगळं चालू होतं, जिल्ह्याचं नाव पेपरात रोज पहिल्या पानावर. आमच्यासारख्या मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांसाठी त्याचा अर्थ साधा होता. जिनिंगवाले हंगाम अर्ध्यात गुंडाळत होते, नवीन भरती कुठेच नाही. जो तो पुण्याला नाहीतर बुटीबोरीच्या कारखान्यांकडे निघालेला, आणि तिथे पहिला प्रश्न एकच — कॅड येतं का?

मला ते कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं येत नव्हतं. म्हणून दारव्हा रोडवर एका पंप रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या माडीत कानडे सरांचा क्लास लावला. सर पुण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आईसाठी परत आलेले. दुपारी लोडशेडिंग, म्हणून बॅच सकाळीच. कॉम्प्युटर कमी, एकावर दोघं बसायचे. माझ्या शेजारी आली वनिता राठोड.

वनिता आर्णीकडच्या एका तांड्यावरची. पहाटेच्या एसटीनं यायची, दोन वेण्या, पायात प्लॅस्टिकची चप्पल. डिप्लोमा झालेला, मार्क साधारण. बोलायची कमी. मला 'भाऊ' म्हणायची.

सरांची शिकवायची पद्धत चांगली होती. पुस्तकातली चित्रं नाहीत. त्यांच्या टेबलाखाली एक लाकडी खोकं, त्यात भंगारातून जमवलेले जुने पार्ट — बुश, फ्लँज, पुली, ब्रॅकेट. रोज सकाळी त्यातला एक काढायचा, व्हर्निअरनं मापं घ्यायची आणि स्क्रीनवर तो जसाच्या तसा उभा करायचा. आधी सपाट स्केच, मग त्याला जाडी द्यायची, नाहीतर गोल फिरवायचं, मग भोकं पाडायची, कडा गोल करायच्या. मला ते फार आवडायचं. पडद्यावर काहीच नसताना अर्ध्या तासात तिथे एक वजनदार वस्तू येऊन बसायची.

एक दिवस मी थोडा उशिरा पोचलो. वनितानं एक फ्लँज करून ठेवलेला. मी म्हटलं, "आज सरांनी लवकर पार्ट दिला का?"

ती म्हणाली, "नाई दिला अजून."

तेवढ्यात सर आले, खोक्यात हात घातला आणि तोच फ्लँज वर काढला. मी मापं घेतली. एकही माप चुकलेलं नव्हतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तोच तुमच्याही आला असेल. ही लवकर येते, खोकं उघडं असतं, हिनं आधीच पाहून ठेवलं. पण सर कोणता पार्ट काढणार हे कसं कळलं? योगायोग म्हणून सोडून दिलं. मग पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा. सरांच्याही लक्षात आलं. त्यांनी खोकं लोखंडी कपाटात टाकलं, किल्ली पँटच्या खिशात. तरी वनिता माउस हातात घेऊन काढायची तो त्या दिवशीचाच पार्ट.

बॅचमध्ये कुजबुज सुरू झाली. बुटीबोरीच्या एका कंपनीनं सरांना सांगितलं होतं, तुमच्याकडचा एक चांगला ट्रेनी पाठवा. जागा एकच, आणि डोळा सगळ्यांचाच. माझाही होता. त्यामुळे मी तिला पकडायचं ठरवलं.

रविवारी घाटंजीला मावशीकडे गेलो होतो. तिथे बाजाराच्या टोकाला एक भंगारवाला बसतो. त्याच्याकडून गंजलेला एक ब्रॅकेट घेतला, कशाचा ते त्यालाही माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळला, डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवला. मावशीला सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही.

सोमवारी पिशवी पायाशी ठेवून बसलो. वनिता आली, बसली आणि तळहात एकमेकांवर घासायला लागली.

"भाऊ, आज डब्यात लोखंड आणलं का?"

मी चेहरा कोरा ठेवला. "काहून? काय झालं?"

"थंड लागून राह्यलं हाताले."

आणि तिनं करायला घेतलं. मी नुसता पडद्याकडे बघत होतो. तिनं आधी पाठीची पट्टी काढली, मग वळलेला कान, मग भोकं. एक, दोन, तीन... आणि चौथं. तिथे मला हायसं वाटलं. खरं सांगतो, आनंद झाला. मी ब्रॅकेट बाहेर काढून टेबलावर आपटला.

"मोज. तीनच भोकं आहेत."

तिनं ब्रॅकेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "चौथं बुजलेलं हाय."

खालच्या दुकानातून रॉकेल आणलं, चिंधीनं घासलं. गंजाचा पापुद्रा निघाला तसा खाली गोल कडा दिसली. कोणे एके काळी त्या भोकात बोल्ट मोडून राहिलेला, वरून सपाट झालेला. मी तो ब्रॅकेट स्वतः निवडून घेतला होता आणि मलाच ते माहीत नव्हतं.

मी सरांना जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता दोघं मिळून छडा लावू. पण सर माझ्याकडेच बघत राहिले.

"तू आणला, तूच निवडला, आणि तिनं बरोबर काढला. मग मी काय समजू, सुहास?"

"सर, मी तिला सांगितलं नाही!"

"दोघं एकाच कॉम्प्युटरवर बसता. गावात काय बोलून राह्यले लोक, माहीत आहे का तुला?"

इतके दिवस मी तिच्यावर डोळा ठेवून होतो. आता डोळे माझ्यावर होते. सरांना वाटत होतं, हे आम्हा दोघांचं नाटक आहे, त्या जागेसाठी.

दोन दिवसांनी वनिताचे वडील आले. सरांनीच निरोप धाडला होता. उंच माणूस, पांढरं पागोटं, खांद्यावर दुपट्टा. दारात उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "सुहास कोन?"

मी उभा राहिलो. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "पोरीले काय शिकवून राह्यला तू?"

"काका, मी काहीच..."

"बा, भाऊचं काही नाई," वनिता मधेच बोलली. मग गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, भराभर काहीतरी, मला कळलं नाही. त्यांचा चेहरा काही मऊ झाला नाही.

सर म्हणाले, "रामजीभाऊ, बसा. तुमच्यासमोरच काय ते होऊन जाऊ द्या." त्यांनी खुर्चीखालून एक रेक्झिनची पिशवी काढली आणि मांडीवर घेतली. तोंड सुतळीनं बांधलेलं. "हा पार्ट माझ्या घरचा आहे. क्लासमध्ये कोणी पाहिलेला नाही. सुहासनं तर नाहीच. वनिता, काढून दाखव. जमलं तर कंपनीला तुझं नाव देतो. नाही जमलं तर दोघांनीही उद्यापासून यायचं नाही."

"सर, मले नाई करायचं," वनिता म्हणाली.

"आता काहून?"

तिनं बापाकडे पाहिलं. मग बसली. कॉम्प्युटरभोवती सगळी बॅच. मी मुद्दाम लांब, खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, उगाच कोणी म्हणायला नको. खाली रिवाइंडिंगवाल्याची मोटर घरघरत होती.

तिनं एक उभी रेघ काढली. मग शेजारी एक वाकडी रेषा — खाली फुगलेली, मधे बारीक, वर पुन्हा थोडी जाड. ती आसाभोवती गोल फिरवली. पडद्यावर एक भरीव, लांबट दांडका उभा राहिला. एक भोक नाही, चावी बसवायची एक खाच नाही. मग जाड टोकाशी तिनं एक लहानसा वेडावाकडा तुकडा कापून टाकला, जणू तिथला टवका उडालाय. आणि माउस सोडून दिला.

"झालं?" सरांनी विचारलं.

"हाव."

सर हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले. "रामजीभाऊ, पाहा. माझ्या पिशवीत पंपाची कपलिंग आहे. चपटी, गोल, चार भोकांची. आणि ही काय काढून बसली? मुसळ!" पोरंही हसली. वनितानं मान खाली घातली. मला तिची दया आली आणि... हेही लिहितो... सुटल्यासारखंही वाटलं. म्हणजे काहीच नव्हतं. जग होतं तसंच होतं.

सरांनी सुतळी सोडली, हात आत घातला. आणि त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. जुना टॉवेल बाहेर आला. तो उलगडला तर आत लोखंडी बत्ता. खलबत्त्यातला. जाड टोकाला टवका उडालेला.

सर बत्त्याकडे बघतायत, मग स्क्रीनकडे, मग परत बत्त्याकडे. शेवटी त्यांनी खालच्या दुकानात जाऊन घरी फोन केला. मी पाठोपाठ गेलो, कारण मला त्यांच्यावरही संशय येत होता. फोनमधून त्यांच्या आईचा आवाज मलाही ऐकू आला.

"अरे, तू बत्ता घेऊन गेला का? कायले? शेजारी द्याले बांधून ठेवला होता मी! तुही पिशवी इथंच खुंटीवर हाय ना..."

नंतर मी सरांच्या घरी जाऊन आलो. एकाच दुकानातल्या दोन सारख्या रेक्झिन पिशव्या, दोन्हींची तोंडं सुतळीनं बांधलेली, एकाच खुंटीवर. सर घाईत चुकीची घेऊन निघालेले. म्हणजे पिशवीत काय आहे हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. सरांनाही नाही. त्यांच्या मनातलं तिनं ओळखलं म्हणावं, तर मनात कपलिंग होती.

सरांनी शब्द पाळला, तिचं नाव कंपनीला कळवलं. पण त्या दिवसापासून ते तिच्या कॉम्प्युटरजवळ गेले नाहीत. काही सांगायचं तर लांबूनच. ती शेजारून गेली की खिशावर हात ठेवायचे, किल्ल्या असतील तिथे.

बातमी पसरली. पोरी मुठी मिटून तिच्यापुढे धरायला लागल्या — ओळख, सेफ्टी पिन की नाणं. मग बाहेरचे यायला लागले. कोणाची अंगठी हरवलेली, कोणाचा मोटारपंप चोरीला गेलेला. वनिता सगळ्यांना एकच सांगायची, "मले नाई समजत."

मग एक बाई आली. बोरी अरबकडची, कडेवर लेकरू. तिचा नवरा कापूस विकायला म्हणून गेला तो घरी आलाच नव्हता. तेव्हा आमच्या जिल्ह्यात घरातला माणूस वेळेवर परतला नाही, की बायका काय समजायच्या ते सांगायला नको. ती जिना चढून आली आणि सरळ वनितापुढे खाली बसली.

"बाई, तुले दिसते म्हणतात. एवढंच सांग, हाय का नाई?"

वनिता उठून उभी राहिली. "माय, मले माणसं नाई दिसत. लोखंडच समजते फक्त. खरंच सांगून राह्यली."

"मग लोखंडच पाय. त्याच्या खिशात अडकित्ता होता. कुठी हाय तो?"

वनितानं दोन्ही हात पाठीमागे घेतले, घट्ट, एकात एक, आणि ती नुसती मान हलवत राहिली. बाई रडली नाही. लेकरू सावरून उठली आणि निघून गेली. सरांनी जिन्याचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून वनिता आलीच नाही. कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा ती तांड्यावरून परस्पर बुटीबोरीला गेली. मला पुढे पुण्याला काम मिळालं.

त्या बाईचा नवरा पुढच्या दिवाळीच्या आत परत आला. धडधाकट. आदिलाबादकडे वीटभट्टीवर होता म्हणे, घरी कळवायची लाज वाटली. मी मुद्दाम वनिताचा नंबर मिळवला आणि तिला फोन केला. वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल.

ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुमाले सांगतलं नाई. ते बाई अडकित्ता म्हणाली ना, तवा माह्या हाताले काहीच नाई लागलं. काहीच नाई. मी समजली, लोखंड नाई तं माणूसई नाई, गेला तो. म्हणून हात मागं धरले, तिले माह्या हाताईवरून समजू नये म्हणून."

"पण तो तर जिवंत आहे, वनिता."

"हाव ना," ती म्हणाली. "मंग आता मले सांगा, मले काय समजते आन् काय नाई?"

तेव्हापासून शेकडो पार्ट मी मॉडेल केले, कित्येकांना शिकवलं, आणि या प्रकरणातल्या प्रत्येकावर आळीपाळीनं संशय घेऊन पाहिला — तिच्यावर, सरांवर, त्यांच्या आईवर, स्वतःच्या आठवणीवरसुद्धा. कुठेच बसत नाही.

फोन ठेवण्याआधी मी तिला विचारलं होतं, अजून होतं का तसं?

"होते," ती म्हणाली. "पण आता मी पार्ट टेबलावर येईपर्यंत हात मांडीखाली दाबून बसते."