अभ्यासिकेचा जनरेटर बंद होईना

मालेगावला वाशिम रोडच्या मागच्या गल्लीत मी मुलींसाठी अभ्यासिका चालवते. दोन खोल्या, प्लायवूड लावून पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक टेबल, एक खुर्ची आणि एक दिवा. आजूबाजूच्या खेड्यांतून मुली सकाळच्या बसने येतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. कोणी पोलीस भरतीची तयारी करते, कोणी तलाठ्याची, कोणी नर्सिंगची. मी स्वतः सहा वर्षं या परीक्षा दिल्या. एकाही यादीत माझं नाव आलं नाही. त्या सहा वर्षांत मला सगळ्यात जास्त कमी पडली ती शांत जागा. घरी गिरणी होती, दिवसभर घरघर चालायची. म्हणून अभ्यासिका काढली तेव्हा दारावर मी एकच सूचना लावली होती, की आत बोलायचं नाही.

आणि मग मी तो जनरेटर आणला.

लाईन फार जायची. पावसाळ्यात तर थोडा वारा सुटला की गेलीच. पंखे बंद पडले की मुलींच्या वह्यांवर घाम टपकायचा. एक मंगल कार्यालय बंद होत होतं, तिथला जुना डिझेल जनरेटर मिळाला. लोखंडी पेटीत बसवलेला, त्यामुळे आवाज तसा बेताचा. अभ्यासिकेच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या बोळीत तो ठेवला. सुरू करायला चावी, बंद करायला लाल बटन. दोन महिने त्याने काही त्रास दिला नाही.

श्रावणातल्या एका दुपारी लाईन आली, मी लाल बटन दाबलं आणि इंजिन चालूच राहिलं. पुन्हा दाबलं. चावी काढून घेतली. तरी चालूच. चावी माझ्या हातात आणि इंजिन आपलं धडधडतंय, हे पाहून मी खरंच घाबरले. बॅटरीची वायर सोडवली, त्यानेही काही झालं नाही. मिस्त्रीला फोन लावला. तो वाशिमचा, आमच्या भागातले सगळे जनरेटर तोच बघतो.

"ताई, हे डिझेल इंजिन आहे. याले चालाले बॅटरी लागत नाई. डिझेलचा कॉक बंद करा."

कॉक बंद केला. नळीतलं आणि फिल्टरमधलं डिझेल संपेपर्यंत इंजिन कितीतरी वेळ चाललं, मग आचके देत थांबलं. मुली कानात बोटं घालून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लाईन गेली तेव्हा ते सुरूच होईना, कारण नळीत हवा शिरली होती. मिस्त्रीला ती हवा काढायला यावं लागलं.

त्याने पेटीचं दार उघडून मला दाखवलं. इंजिनाच्या डिझेल पंपाला बोटाएवढी एक दांडी असते. ती एका बाजूला पूर्ण सरकली की डिझेल बंद आणि इंजिन बंद. लाल बटन दाबलं की एका कॉईलला करंट मिळतो आणि ती कॉईल दांडीला ओढते. "तुमची कॉईल जळाली," तो म्हणाला. नवी बसवली, बटन दाबलं, इंजिन थांबलं. मला वाटलं, मिटलं.

चार दिवसांनी ती कॉईलही जळाली. त्याने तिसरी बसवली, वायर बदलली, बटनही बदललं. तिसरी सहा दिवस टिकली.

"माल डुप्लिकेट येऊन राह्यला आजकाल, मी काय करू त्याले?" असं म्हणून त्याने दांडीला सुतळी बांधली आणि पेटीच्या भोकातून बाहेर काढली. "हे ओढलं का इंजिन बंद. कायले टेन्शन घेता, ताई?"

सगळ्यांना ही सोय पटली. मलाही पटली, आठ-दहा दिवस. मग एका सकाळी मी बँकेत गेले असताना लाईन गेली आणि परत आली. माझ्या अभ्यासिकेतल्या सगळ्यात जुन्या मुलीने सुतळी ओढली. सुतळी आतून सुटून हातात आली. तिने पेटीचं दार उघडलं आणि दांडी ढकलायला आत हात घातला. तिचं मनगट तापलेल्या सायलेन्सरला लागलं.

मी परत आले तेव्हा ती नळाखाली हात धरून उभी होती. मनगटावर रुपयाएवढा फोड. इंजिन मात्र तिने बंद केलं होतं.

"काही नाई ताई, थोडंसंच आहे," ती म्हणाली. आठवड्यावर तिची परीक्षा होती आणि तो उजवा हात होता.

मी तिला दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून आणली आणि मुलींना सांगून टाकलं की आजपासून त्या पेटीला कोणी हात लावायचा नाही. लाईन गेली तर पंखे बंद राहतील. पण हे ठीक होईपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही, हेही सांगितलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, विकून टाका ना तो." मी नाही म्हटलं. बिघाड न समजता विकला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी हात भाजणार होता.

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण सहा वर्षं परीक्षा देऊन एक सवय मात्र लागली होती. उत्तर चुकलं की ते का चुकलं, हे सापडेपर्यंत पान उलटायचं नाही. वही घेतली आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पहिली कॉईल कधी गेली, दुसरी कधी, त्या दिवशी काय झालं होतं. लिहिताना एक गोष्ट आठवली. नवी कॉईल असतानाही इंजिन बटन दाबल्याबरोबर थांबत नव्हतं. मी बटन दाबून धरायची, तेव्हा ते रेंगाळत बंद व्हायचं. मला वाटायचं, जुनं आहे, असंच असेल.

शेजारी किराणा दुकानवाल्या जैन कुटुंबाचं घर आहे. त्यांच्याकडच्या काकू चातुर्मासात सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन पाळतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्या बोळीत उघडते. इतक्या दिवसांच्या धडधडीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांना झाला असणार, आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती. मी वही घेऊन पेटीपुढे बसलेली दिसले तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजावर टकटक केलं आणि एक चिठ्ठी पुढे केली. दुकानातल्या पुडीचा कागद होता.

"तू बटन दाबायचीस तेव्हा आधी टक् असा आवाज यायचा. मग थोड्या वेळाने जळका वास. रोज यायचा."

मी विचारलं, "काकू, कॉईल जळाली त्या दिवशीपण टक् आवाज आला होता?"

त्यांनी मान हलवली आणि कागद परत घेऊन खाली लिहिलं, "आधी टक्. मग वास. नंतरच्या वेळी टक् नाही."

मी ते दोनदा वाचलं. आवाज येतो म्हणजे कॉईल ओढते. जळते ती ओढल्यानंतर. मग माल खराब कसा? ती ओढते, आणि तरी इंजिन लवकर थांबत नाही, आणि मी बटन दाबून धरते, आणि ती तापत राहते.

मी मिस्त्रीला फोन करून शेवटची एक कॉईल बसवायला लावली. त्याने बसवली आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. इंजिन बंदच होतं, गार होतं. मी पेटीचं दार उघडून आत टॉर्च मारला. हात भाजलेली ती मुलगी बटनापाशी उभी राहिली. मीच नको म्हणत होते, पण ती ऐकेना.

"दाब."

टक्. दांडी सरकली.

"सोड."

दांडी परत आली. मग मी बोटाने दांडी ढकलून पाहिली. ती नखभर आणखी पुढे गेली. पुन्हा बटन, पुन्हा बोट. दर वेळी तेच. बटनाने दांडी शेवटपर्यंत जातच नव्हती.

"ताई, कॉईलकडे पहा ना," ती मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "आता तुमी दाबा, मी पाहते."

आम्ही जागा बदलल्या. मी दाबलं आणि ती ओरडली, "हललं! कॉईलच हलून राह्यली!"

अभ्यासिकेच्या आवारात इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच कोणी बोललं असेल. मी वाकून पाहिलं. कॉईल एका लोखंडी पट्टीवर बसवलेली होती. पट्टीला दोन बोल्टांची जागा, त्यातला एक बोल्ट गायबच होता. दुसऱ्याचं भोक झिजून लांबट झालं होतं. त्यामुळे कॉईल दांडीला ओढायला जायची आणि पट्टीसकट स्वतःच दांडीकडे सरकायची. तिचा जोर तिथेच वाया जायचा. चारही कॉईली त्याच ढिल्या पट्टीवर बसल्या होत्या.

मिस्त्री फोनवर हसला. "ताई, तुमी अभ्यासिका पहा. इंजिन माह्यावर सोडा."

"भाऊ, मी तुमचं काम काढून घेत नाही," मी म्हटलं. "पण पट्टी सोडवून मी वेल्डरकडे नेते आहे. उद्या तुम्ही या आणि बसवून द्या. नाही आलात तर मी स्वतः बसवीन, आणि ते वाकडं बसेल."

पट्टी मी पिशवीत घालून बस स्टँडजवळच्या वेल्डरकडे नेली. तो शेतीची अवजारं आणि फाटकं करतो. त्याने जुनी भोकं भरून घेतली, घासली आणि मापाने दोन नवी पाडली. मी तिथेच उभी राहिले. "बसा ना बाई," तो दोनदा म्हणाला. मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, जरा रुसलेला. पट्टी हातात घेऊन उलटीपालटी पाहिली. दोन्ही बोल्ट घट्ट आवळले, दांडीची लांबी जुळवली, इंजिन सुरू केलं. "दाबा."

मी दाबलं. इंजिन एका दमात थांबलं.

"झालं ना?"

"पुन्हा सुरू करा."

पुन्हा थांबलं. मी त्याला दहा वेळा सुरू करायला लावलं. सहाव्या वेळी तो म्हणाला, "ताई, डिझेल जाऊन राह्यलं तुमचं." मी म्हटलं, जाऊ द्या. आठव्या वेळी त्यालाच गंमत वाटायला लागली. शेवटी त्याने कॉईलवर हात ठेवून पाहिला आणि माझाही हात तिथे ठेवायला लावला. ती जेमतेम कोमट होती.

"मी कॉईलच पाहत राह्यलो," तो म्हणाला. "पट्टीकडं पाह्यलंच नाई." हे त्याने तोंडावर कबूल केलं, याबद्दल मला त्याचा आजही आदर आहे.

त्या मुलीने मनगटावर पट्टी बांधूनच परीक्षा दिली. पास झाली नाही. पुढच्या भरतीसाठी ती अजून माझ्याकडेच बसते, खिडकीजवळच्या कप्प्यात. परवा दुपारी लाईन गेली आणि तासाभराने आली. मी आतल्या खोलीत हजेरी लिहीत होते. उठेपर्यंत कोणीतरी बटन दाबून जाग्यावर जाऊन बसलंही होतं. मी बाहेर येऊन पाहिलं तर सगळ्यांची डोकी वहीत. एकीनेही मान वर केली नाही. मला क्षणभर वाईट वाटलं. एवढी खटपट केली आणि कोणाच्या लक्षातही येऊ नये! मग मी सावकाश, चपलेचा आवाज न करता परत गेले.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला. अनसिंग गावातल्या एका दवाखान्यातला जनरेटर बंद होत नव्हता.

"ताई, इथं पट्टी घट्ट आहे, मी पह्यले तेच पाह्यलं. तरी कॉईल जळून राह्यली. आता काय पाहू?"

"दांडी हाताने शेवटपर्यंत जाते का?"

"थांबा, पाहतो." फोनमधून लोखंडाची खुडबुड ऐकू आली. मी वही उघडली आणि पेन हातात घेऊन वाट पाहत बसले.