आत्याच्या पेट्यांची जागा

माझ्या आत्याने एकतीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर आता ती घरी बसेल, गुडघ्यांना आराम देईल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आत्याने मधमाशीपालनाच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग संपताना मास्तरांनी बजावलं, "माश्या मी देईन, पण आधी जागा दाखव. जागा चुकली तर बिचाऱ्या उगाच मरतील." पेट्या तीन आठवड्यांनी येणार होत्या.

पहिली जागा आमची गच्ची. आत्याने दोरीवर ओला रुमाल वाळत टाकला. तो चिमट्यासकट पलीकडच्या इमारतीत गेला. "रुमालाचे हे हाल, तर माशीचं काय?" म्हणत ती जिना उतरली. मधाने भरलेली पेटी तीन मजले खाली आणायची म्हटल्यावर बाबांचाही उत्साह मावळला होता.

मग तिच्या ओळखीच्या एका बागवाल्याने आपली फळबाग देऊ केली. खोलगट जागा, शंभरेक झाडं, शेजारी ओढा. "हवी तिथे ठेवा, ताई. बाग तुमचीच समजा."

बाबा खूश झाले. आत्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्टूल घेऊन बागेत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. मी डबा द्यायला गेले तेव्हा साडेदहा झाले होते. आत्याने माझा हात धरून गवतावर टेकवला. गवत ओलंचिंब होतं.

"रस्त्यावर आठ वाजल्यापासून ऊन आहे. इथे अजून दव तसंच," ती म्हणाली. "थंड ओल्या पेटीतून माशी बाहेर कधी पडायची नि फुलं कधी गाठायची?"

तिने बागवाल्याचे आभार मानले आणि नकार दिला. बाबा चिडले. "अगं, माणूस आपणहून देतोय! तू तर स्थळं बघायला निघाल्यासारखी खोट काढतेयस."

"दादा, राहायचं त्यांना आहे. मला नाही."

पुढचे दहा दिवस ती आपल्या जुन्या टपालाच्या वाटांवरून फिरली. कुठल्या आवारात वारा घुसतो, कुठे कुत्रं मोकळं असतं, कोण झाडांवर औषध फवारतं, सगळं तिला तोंडपाठ. अखेर उतारावरच्या पाण्याच्या टाकीचं आवार तिच्या मनात भरलं. पूर्वेकडून कोवळं ऊन, वाऱ्याच्या बाजूला उंच भिंत, खाली रानफुलांचं माळरान, नळाखाली सदा ओला दगड, आणि गाडी आत येईल एवढं फाटक.

तिथले साहेब म्हणाले, "माझ्या माणसांना चावल्या तर?"

"तुमच्या माणसांनाच विचारते," आत्या म्हणाली आणि थेट पंपघरात शिरली. दोघे कामगार चहा पीत होते. एकाला काही हरकत नव्हती. दुसरा खाली मान घालून म्हणाला, "मला माशी चावली की श्वास लागतो, मावशी. एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं."

मी मनात म्हटलं, गेली ही पण जागा. आत्या त्याच्याशेजारी बसली. तो कुठून येतो, कुठल्या झडपा फिरवतो, सगळं विचारून घेतलं. मग आवार पावलांनी मोजलं आणि आधी ठरवलेला कोपरा सोडला. पेट्या पंपघरामागे, साठ पावलांवर, तोंडं माळाकडे. पेट्यांपुढे माणसापेक्षा उंच जाळीचं कुंपण, म्हणजे माश्या वरूनच उडतील.

"आणि तुम्हाला भीती वाटली," तिने त्याला सांगितलं, "तर त्याच दिवशी हलवीन. साहेबांना विचारणार नाही."

तो विचार करून म्हणाला, "ठेवा." साहेबांनी सही केली.

मास्तर जागा बघायला आले. सगळं आवार फिरून त्यांनी एवढंच विचारलं, "पेट्या कधी आणू?"

त्या हंगामात दोन पेट्यांच्या चार झाल्या. पंपघरातल्या कामगाराला एकही माशी चावली नाही. पुढच्या वर्गाची माणसं घेऊन मास्तर टाकीवर आले, तेव्हा जागा कशी निवडावी हे त्यांनी आत्यालाच सांगायला लावलं. ती तासभर बोलली, गुडघा दुखत असताना उभ्याने.

बाबा फाटकाशी थांबले होते. एका अनोळखी विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "या बाई कोण?"

"माझी धाकटी बहीण," बाबा म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळा वर्ग वळून बघायला लागला.